मागच्या चाकांची गाडी आणि ओंटारिओचा हिवाळा

ऑक्टोबर उजाडला की कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. पोराने किंवा पोरीने हौसेने दोन दारांची, बुटकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतलेली असते आणि वडीलधारे विचारतात, "अरे, पण बर्फात ही चालणार का?" त्यावर कुणीतरी ठणकावून सांगतं की रिअर व्हील ड्राइव्ह हिवाळ्यात चालवूच नये, विकून टाक आणि फोर बाय फोर घे.

माझं उत्तर असं : चालते, व्यवस्थित चालते. मात्र दोन गोष्टींकडे पाहावं लागतं. बर्फावर ही गाडी घसरते ती मुख्यतः चुकीच्या टायरमुळे, आणि चार-पाच हिवाळ्यांत कुजते ती रस्त्यावरच्या मिठामुळे. बाकीची तयारी या दोहोंपुढे किरकोळ आहे. लोक नेमकी किरकोळ गोष्टींवरच जास्त चर्चा करतात.

बोलायला एक गाडी समोर धरू : टोयोटाची जीआर८६. तिचं जुळं भावंड म्हणजे सुबारू बीआरझेड. सुबारूचं नाव चारही चाकांच्या ड्राइव्हसाठी गाजलेलं, पण हे एक पोर घराण्याच्या रीतीबाहेरचं निघालं. वजन साधारण पावणेतेराशे किलो, इंजिन २.४ लिटरचं, पुढे. ताकद जाते मागच्या चाकांना. पोटाखाली मोकळी जागा जेमतेम तेरा सेंटिमीटर.

आधी एक भीती काढून टाकू. मागच्या चाकांची गाडी हा प्रकार आपल्याला नवा नाही. अँबेसेडर मागच्या चाकांवरच चालायची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनीही तशीच. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या हाती पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी पडली. त्याआधीच्या पिढीने भर पावसात घाट चढले-उतरले ते मागच्या चाकांवरच, आणि तेही एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे काही नसताना.

मग बर्फात अडचण कुठे येते? चाकावर जितकं वजन, तितकी पकड. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या नेहमीच्या छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात, त्यामुळे साठेक टक्के वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. जीआर८६ मध्ये ढकलणाऱ्या मागच्या चाकांवर ४७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सहाशे किलोच्या आतबाहेर. कोरड्या रस्त्यावर ही कमतरता जाणवत नाही, कारण जोरात वेग घेतला की गाडी मागे रेलते आणि शंभरेक किलो वजन पुढून मागे सरकतं. बर्फावर मुळात इतका वेगच घेता येत नाही, त्यामुळे हिशेब मांडला तर पंचवीस-तीस किलोच सरकतात. मागच्या चाकांच्या गाडीला उन्हाळ्यात मिळणारी मदत हिवाळ्यात अशी आटते. चढावर ती थोडी परत मिळते.

इंजिनच मागे असेल तर चित्र उलटं होतं. पोर्शे ९११ ने १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, आणि ही रॅली जानेवारीत, आल्प्सच्या बर्फाळ घाटांत होते. तेव्हा 'मागची चाकं म्हणजे हिवाळ्यात बाद' हा नियम काही खरा नाही.

आणि हे सगळं गणित गाडी हलवण्याचं आहे. थांबवायचं गणित वेगळं. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. तिथे कोणत्या चाकांना ताकद जाते याचा जवळजवळ काही संबंध नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी बारा-तेरा मीटरमध्ये थांबते, दाबून बसलेल्या बर्फावर चाळीसेक मीटर लागतात, आणि गुळगुळीत काचबर्फावर शंभर. (हे फक्त ब्रेक लागल्यानंतरचं अंतर, तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं वेगळं.) चौकात लाल दिव्याला गाडी थांबत नसेल तर फोर बाय फोरचा बिल्ला काय कामाचा? हायवेच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत उंच, चारचाकी ओढीच्या गाड्याही दिसतात त्या यामुळेच. त्या निघतात झोकात आणि त्यांच्या चालकाला वाटतं, रस्ता ठीक आहे.

टायर

जीआर८६ च्या वरच्या मॉडेलला अठरा इंची चाकांवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे टायर येतात. उन्हाळ्यात झकास. पण त्यांचं रबर उन्हाळ्यासाठीच घडवलेलं आहे. पारा सातेक अंशांखाली गेला की ते कडक व्हायला लागतं. रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरणं हे रबराचं काम, आणि कडक रबर ते करू शकत नाही. बर्फ पडलेला असायलाच हवा असं नाही. नोव्हेंबरच्या कोरड्या, कडक सकाळीही मागची चाकं सुटलेली जाणवतात. कडाक्याच्या थंडीत असे टायर नुसते वापरले तरी त्यांना चिरा जाऊ शकतात, आणि बनवणारेच तशी सूचना देतात. 'पहिला बर्फ पडला की बदलू' हा बेत म्हणूनच चुकीचा. शिवाय पहिल्या बर्फाच्या दिवशी टायरच्या दुकानात अख्खं शहर उभं असतं.

विंटर टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण चांगलं असतं आणि ते उणे वीसलाही लवचीक राहतं. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा दिसतील. बोटाने ठोकळा दाबून पाहा, चिरा उघडतात. टायर रस्त्याला टेकतो तेव्हा हेच होतं : चिरांच्या शेकडो कडा बर्फात रुततात आणि वर आलेली पाण्याची पातळ थर आत शोषली जाते. हे पाणी फार महत्त्वाचं. उणे वीसचा बर्फ बऱ्यापैकी धरतो, पण शून्याच्या आसपासचा ओला बर्फ म्हणजे शेवाळलेली घाटाची पायरी. टोरांटोचा हिवाळा बराचसा याच तापमानात रेंगाळतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या प्रेअरीतल्या, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातल्या, उणे तीसपेक्षा इथला उणे एक जास्त दगा देतो.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरेसं नाही. ती खाचांच्या रचनेची खूण आहे, त्यासाठी बर्फावरची कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. डोंगराच्या चिन्हाला परीक्षा आहे, पण उत्तर अमेरिकेत ती दाबलेल्या बर्फावर वेग घेण्याची. वळण्याची नाही, काचबर्फाची नाही. चिन्ह हे किमान पात्रता समजावं. डोंगराचं चिन्ह असलेले 'ऑल वेदर' टायर मिळतात आणि शहरातल्या साध्या गाडीला ते चालून जातात. मागच्या चाकांच्या हलक्या स्पोर्ट्स कारला मात्र मी अस्सल विंटर टायरच घ्यायला सांगेन. इथे तडजोडीला जागा कमी आहे.

माप कोणतं? इथे हौस आडवी येते. बर्फात रुंद टायर तोट्याचा. सैल बर्फात अरुंद टायर कापत खाली जातो आणि रुंद वरच तरंगतो, अर्धवट वितळलेल्या राडीत तर विशेष. याच गाडीचं साधं मॉडेल २१५/४५ आर १७ मापावर येतं (रुंदी २१५ मिलिमीटर, रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). हिवाळ्यासाठी तेच घ्यावं. बाहेरचा व्यास अठरा इंचीच्या एक टक्क्याच्या आत राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. रबराची भिंत सेंटिमीटरभर उंच मिळते, ती फेब्रुवारी-मार्चमधल्या खड्ड्यांत चाकाची रिम वाचवते. वेगळ्या रिमांचा स्वस्त संच घेऊन त्यावर विंटर टायर कायमचे चढवून ठेवलेले बरे. दर मोसमात एकाच रिमवरून टायर उतरवणं-चढवणं यात पैसे जातात आणि टायरची कडही खराब होते. नव्या रिमांत हवेच्या दाबाचे सेन्सर घातले नाहीत तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा हिवाळाभर जळत राहील, मग दाब हातानेच तपासायचा.

आता एक आग्रह. चारही टायर बदला. "ताकद मागे जाते ना, मग मागचे दोनच घेऊ" असा हिशेब करणारे भेटतात. गाडी निघेल, पण वळताना आणि थांबताना पुढचे उन्हाळी टायर सरळ घसरत जातील. पुढच्या चाकांच्या गाडीत उलट काटकसर केली तर मागचा भाग गिरकी घेतो. दोन्हीकडे खर्च वाचतो आणि गाडी जाते.

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ओटावाकडून मॉन्ट्रियलला मुक्काम बदललात तर लक्षात असू द्या. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत देणं बंधनकारक आहे. ती आपणहून मिळत नाही, फोन करून मागावी लागते. आणि खाचांची खोली चार मिलिमीटरवर आली की बर्फासाठी तो टायर संपला, पावसाळी रस्त्यावर कितीही चांगला दिसो.

बारीकसारीक

हवेचा दाब दर साडेपाच-सहा अंशांच्या घसरणीला साधारण एक पीएसआय (दाब मोजायचं एकक) उतरतो. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे दहाला सहा पीएसआयने कमी भरेल. दाब थंड टायरवरच, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याला मोजायचा. 'बर्फात हवा कमी ठेवावी' हा सल्ला वाळूतला आहे, रस्त्यावर नको.

बॅटरीची ताकद उणे अठराला निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. चार-पाच वर्षं जुनी बॅटरी नोव्हेंबरमध्येच तपासून घ्या, बहुतेक दुकानं फुकट करतात. इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२० आधीच थंडीला योग्य आहे, त्यात काही बदलायचं नाही. कूलंटची एक गंमत : निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं, पण निम्मं पाणी घातलं की उणे सदतीसपर्यंत टिकतं. त्यामुळे 'थंडी जास्त, मग कूलंट घट्ट ओतू' हे अंगाशी येतं. काच धुण्याच्या पाण्याचं मात्र उलटं. तिथे उणे चाळीसचं निळं पाणी तसंच घालायचं, काटकसरीने नळाचं पाणी मिसळलं की हायवेवर ट्रकमागे काचेवर क्षणात पडदा गोठतो.

या गाडीचं एक खास दुखणं सांगायला हवं. तिच्या दाराच्या काचेला वरून चौकट नाही. दाराची कडी ओढली की काच आपोआप बोटभर खाली सरकते, मग दार उघडतं. बंद केलं की परत वर जाऊन रबराच्या पट्टीत बसते. रात्री गोठणारा पाऊस पडला तर काच त्या पट्टीला चिकटते. सकाळी उशीर झालेला असतो, कडी ओढली, आतून मोटर कुंथल्याचा आवाज आला, काच हलली नाही, आणि आपण हिसका दिला, की रबर फाटतं किंवा काच चालवणारी यंत्रणा तुटते. उपाय साधा आहे. नोव्हेंबरात रबराच्या सगळ्या पट्ट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. तरी चिकटलीच तर तळहाताने काचेच्या कडेने हलके ठोके देत बर्फ तोडायचा, नाहीतर दुसऱ्या दाराने आत जाऊन हीटर लावून थांबायचं. गरम पाणी ओतणं नको, काच तडकते.

हँडब्रेकही तसाच. राडीतून गाडी आणून हँडब्रेक ओढून ठेवला तर रात्रीत मागचे ब्रेक गोठून बसू शकतात. सपाट जागेवर मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक 'पी'मध्ये, आणि हँडब्रेक सोडून द्या.

डिकीत वाळूची पोती टाकण्याचा सल्ला रिकाम्या पिकअपसाठी आहे. जीआर८६ मध्ये मागच्या ॲक्सलवर ४० किलो ठेवले तर ढकलणारी पकड सहा-सात टक्के वाढते, पण थांबवायचं वजनही वाढतं. ते वजन ॲक्सलच्या मागे, डिकीच्या टोकाला गेलं तर गाडी घसरताना शेपूट जास्त जोरात फिरते. वाळूची एक छोटी पिशवी ठेवा, पण ती अडकलेल्या चाकाखाली टाकण्यासाठी. सोबत फावडं.

इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटून देणाऱ्या यंत्रणेला डिफरन्शियल म्हणतात. या गाडीत टॉर्सन जातीचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक बर्फावर गरगरलं की दुसऱ्यालाही तितकाच दुबळा जोर मिळतो. टॉर्सन जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवतं. निघायला त्याची मदत होते. पण एकच चाक सुटण्याऐवजी दोन्ही एकदम सुटली की मागचा भाग कडेला सरकतो. त्यासाठी स्टॅबिलिटी कंट्रोल चालू राहू द्या. ते एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सरळ धरतं, जे आपल्या पायाला शक्यच नाही. फक्त बर्फात रुतून बसलात तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करा, नाहीतर चाकं फिरायला लागली की ते इंजिनचा गळा आवळतं आणि गाडी जागची हलत नाही.

चालवण्याबद्दल थोडंच. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये निघा. खालचा गिअर टाकून झटक्यात क्लच सोडू नका. इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि तीच सुटतात. शेपूट निघालीच तर नजर जायच्या दिशेकडे, स्टिअरिंग त्या दिशेला, क्लच दाबून, ब्रेकवर न आदळता. हे वाचून येत नाही, सराव लागतो, पण मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रात्री तो करायला जाऊ नका. ओंटारिओत अशा जागीही स्टंट ड्रायव्हिंगचा, म्हणजे गाडीच्या धोकादायक कसरतींचा, आरोप लागू शकतो, आणि गाडी जप्त होते. हिवाळी ड्रायव्हिंगचे वर्ग असतात, एक दिवस तिथे घालवावा.

आणि ज्या दिवशी रस्त्यावर वीतभर बर्फ आहे त्या दिवशी घरी बसा. तेरा सेंटिमीटरच्या पोटाने गाडी बर्फावर टेकते, चाकं अधांतरी होतात, आणि मग कोणतेही टायर काही करू शकत नाहीत.

मीठ

ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली, गॉडरिच गावाजवळ, साधारण साडेपाचशे मीटर खोल मिठाची खाण आहे. जमिनीखालच्या मीठखाणींत ती जगात सर्वांत मोठी. आपल्या रस्त्यांवर पडणारं मीठ लांबून आणावं लागत नाही, त्यामुळे हात आखडता घेतला जात नाही. बर्फाच्या आदल्या दिवशी हायवेवर पांढऱ्या समांतर रेघा दिसतात, तो फवारलेला खारा द्राव.

साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे रस्ता कोरडा झाला तरी गाडीच्या पोटाशी चिकटलेली राड ओलीच राहते. गंजाला ओल, हवा आणि क्षार लागतात, आणि तिन्ही तिथे महिनोन्‌महिने हजर. थंडी त्यात थोडी मदत करते, कारण शून्याखाली गंज मंदावतो. म्हणजे खारी राड घेऊन आलेली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये लावणं हे लाड नव्हेत, गंजाला ऊब देणं आहे.

जीआर८६ चं बॉनेट, छप्पर आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची आहेत. ती तांबडी गंजत नाहीत. झिजतं ते खालचं पोलाद : मागची सबफ्रेम (मागची चाकं ज्या सांगाड्यावर बसतात तो), ब्रेकच्या नळ्या, दाराखालची जोडपट्टी, आणि एकेक बोल्ट. बोल्टचं दुखणं पाच वर्षांनी कळतं. शॉक ॲब्सॉर्बर बदलायचे असतात, पाना लावला की बोल्टचं डोकंच तुटतं, आणि तासाभराचं काम दिवसावर जातं.

इथला जुना उपाय म्हणजे दर शरद ऋतूत पोटाखाली आणि पोकळ भागांत पातळ तेलाचा फवारा. दिसायला गलिच्छ, एक-दोन दिवस अंगणात ठिपके पडतात, शेजारी विचारतात. पण ते तेल सांध्यात झिरपत राहतं, तेच हवं असतं. डांबरासारखा जाड काळा थर मला पटत नाही. तो तडकला की त्याच्यामागे पाणी अडकतं आणि वरून सगळं नवं दिसत राहतं. फवारा देणाऱ्याला दोन गोष्टी सांगा : ब्रेकच्या तबकड्यांवर थेंबही नको, आणि दारांच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं बुजायला नकोत.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी, पारा शून्याच्या वर गेलेला दिवस पाहून, गाडी खालून धुवायची. वरचा रंग चकचकीत करून खालची राड तशीच ठेवणं व्यर्थ. उणे पंधराला मात्र धुवू नका, त्या बिनचौकटीच्या काचा पुन्हा चिकटतील.

हे सगळं करूनही गाडी झिजेल, थोडी. म्हणून प्रश्न 'चालते का' हा नाही, 'ही गाडी मिठात घालायची का' हा आहे. ती तुमची रोजची एकमेव गाडी असेल तर बिनधास्त वापरा. गाडी वापरण्यासाठीच असते. घरात दुसरी गाडी असेल आणि ही वीस वर्षं ठेवायचा विचार असेल, तर नोव्हेंबर ते एप्रिल झाकून ठेवलेली बरी : टाकी भरलेली, बॅटरीला मंद चार्जर, टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक सुटा. विमा कंपनीला कळवून रस्त्यावरचं संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवता येतं. दुसरी, जुनी, टाकाऊ गाडी फक्त हिवाळ्यासाठी घेणं हाही इथला रूढ मार्ग आहे, आणि हिशेबाने वाईट नाही.

एप्रिलमध्ये घाई नको. रस्त्यावरचं मीठ दोन-तीन चांगल्या पावसांनी वाहून जाऊ द्या, पारा सकाळीही सात अंशांवर टिकू द्या, मग विंटर टायर काढा. उन्हात ते झपाट्याने झिजतात. काढताना प्रत्येकाच्या आत खडूने 'पुढे डावा', 'मागे उजवा' लिहून ठेवा. मागच्या चाकांच्या गाडीत मागचे टायर आधी झिजतात, पुढच्या मोसमात अदलाबदल करायला ते उपयोगी पडतं. चाक हबला (ते जिथे बसतं त्या मधल्या भागाला) गंजून चिकटलेलं असेल तर तारेच्या ब्रशने बसायची जागा घासून घ्या. नवा संच चढवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा.